हिरव्या शिरांची पिवळी पानं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — आणि त्याला तर मी नको त्या गोष्टीसुद्धा सांगत आले. मुलीला नाही. देवापुढे बसून मनातल्या मनातही नाही, कारण देवापुढे बसलं की मला वाणसामान आठवतं. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर सरळ सांगायला हवं. शाळेत जन्मभर मुलींना हेच तर म्हणत आले — मुद्द्यावर ये बाई, मुद्द्यावर ये. आणि स्वतःची पाळी आली तर बघा, कशी झाडापासून सुरुवात करते आहे.

झाड लिंबाचं. कागदी लिंबू. अंधेरीला पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे अरुंद गॅलरी. त्या गॅलरीच्या कोपऱ्यात, वरचा पत्रा कापलेल्या घासलेटच्या डब्यात आईनं ते वाढवलं होतं. डब्यातलं झाड ते, किती वाढणार? माझ्या खांद्याला लागायचं. पण लिंबं धरायचं. घरात बोंबील आला, बांगडा आला की आई गॅलरीत जाऊन एक लिंबू तोडायची, आणि शेजारच्या माईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, घरचं आहे हो. मी तेव्हा इंटर सायन्सला होते. म्हणजे पन्नास सालानंतरची गोष्ट. अंधेरीत अजून भातखाचरं होती आणि आमच्या घरमालकाच्या विहिरीवर अख्खी आळी पाणी भरत होती.

बाबा मी लहान असतानाच गेलेले. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. दादा फोर्टात एका कचेरीत नोकरीला. वहिनी वेंगुर्ल्याकडची. माझ्याहून जेमतेम दोनेक वर्षांनी मोठी, पण मला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. कितीदा सांगितलं, नुसतं नावानं हाक मार, तर जीभ चावायची. आमच्याकडे येऊन ती आमच्यासारखं बोलायला शिकली होती. फक्त रागावली किंवा गहिवरली की तोंडून मालवणी निसटायची. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात ते कुणी मोठ्यानं बोलत नसे आणि सगळ्या बोलण्याच्या तळाशी तेच असे.

आता गॅलरीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कावळा शिवला की चार दिवस बाहेर बसायची आमच्याकडे रीत होती. गावाला ‘बाहेर’ म्हणजे पडवी, ओटी, मागचं अंगण — ऐसपैस. अंधेरीत दोन खोल्यांत ‘बाहेर’ आणायचं कुठून? मग गॅलरी. मी असो की वहिनी, त्याच कोपऱ्यात वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कशाला शिवायचं नाही. हंड्याला नाही, लोणच्याच्या बरणीला नाही, झाडाला तर नाहीच नाही. आणि बसवायचं मात्र झाडाच्या मांडीला मांडी लावून! हे कुणाला विचित्र वाटत नव्हतं का? मला वाटत होतं. मला सगळंच विचित्र वाटायचं, तोच तर माझा रोग होता. कॉलेजला मात्र त्या दिवसांतही जायची मुभा होती — प्रॅक्टिकल बुडवून चालत नाही हे दादानं कसंबसं आईच्या गळी उतरवलं होतं. घरी आलं की परत चटईवर.

तर त्या वर्षी कॉलेजात चुन्याची निवळी पाहिली. तुम्ही केलंय कधी? चुना पाण्यात कालवून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं, आणि त्यात नळीनं फुंकायचं. पाणी पांढरं होतं. दुधासारखं. आपल्या श्वासानं! मला वेड लागलं हो. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी वहीत आकृती काढली आणि त्या मोकळ्या झाल्या. मी घरी येऊन जिन्याखालचं मडकं शोधलं. दिवाळीत भिंती पांढऱ्या केल्या होत्या, त्यातला उरलेला चुना त्यात होता. काचेची नळी कुठली मिळायला? पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, तो घेतला. आणि मग काय काय फुंकलं म्हणता! बसून फुंकलं. जिना धावत चढून आले आणि फुंकलं. मोड आलेले मूग बाटलीत कोंडून, बाटलीचं तोंड बुचानं बंद करून, त्यातली हवा देठातून निवळीत सोडली — मुगानंसुद्धा पाणी गढूळ केलं. म्हणजे मूग श्वास घेतात! मी आईला सांगायला धावले. आई म्हणाली, घेऊ देत, तू आधी उसळीला दे.

वहिनीला मात्र मजा वाटायची. तिच्या हातात देठ दिला, तिनं फुंकलं, पाणी पांढरं झालं, तर बराच वेळ ती त्या भांड्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, माझ्यानंपण होतं? मी म्हटलं, अगं सगळ्यांच्यानं होतं. त्यावर ती इतकी खूश झाली की तिनं परत फुंकलं. त्या वेळी मी तिला हसले होते. ती कशानं खूश झाली होती हे मला त्या वयात कळलं नाही.

एक अडचण होती. उरलेला चुना टाकायचा कुठे? हे सगळे उद्योग मी बहुतेक त्या चार दिवसांतच करायची — काम नाही, कुणी हाक मारत नाही, झकास वेळच वेळ. पण मोरीत टाकायचं तर घरातून जायला हवं आणि घरातून जाता येत नाही. गॅलरीतून खाली ओतलं तर खालच्या बिऱ्हाडाच्या पापडांवर. मग? शेजारीच डबा होता. मी गाळ, निवळी, पांढरं झालेलं पाणी, सगळं लिंबाच्या डब्यात ओतायला लागले. वर माती सारून ठेवायची, म्हणजे पांढरं दिसायला नको. पुढे सवयच पडली. बाहेर नसले तरी मोरीपर्यंत कोण जातंय?

वहिनीनं एकदा विचारलं होतं. हे मला विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. झाडाला रोज पाणी तीच घालायची. चटईवर बसायचे दिवस सोडून. तिला माती वरून पांढरट, कडक लागली असणार. वन्सं, ह्या चुन्यानं झाडाला काय होणार नाही ना, असं तिनं विचारलं. मला काय माहीत होतं? काही नाही. पण मी कॉलेजात जाणारी, ती चौथीपर्यंत शिकलेली. मी म्हटलं, काही होत नाही, उलट चांगलंच असतं. ती म्हणाली, मग ठीक. आणि तिनं हे आईला कधी सांगितलं नाही, कारण माझे प्रयोग आईपासून लपवायचे हे आमचं ठरलेलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला पानं पिवळी पडायला लागली.

आईनं तिच्या परीनं निदान केलं. तिचंही कौतुक वाटतं मला. डॉक्टरनं रोगी तपासावा तशी ती रोज झाडापुढे उभी राहायची. आधी म्हणाली, पाणी जास्त होतंय. वहिनीनं पाणी कमी केलं. मग म्हणाली, पाणी कमी पडतंय. मग मासळी धुतलेलं पाणी घालून झालं, ताक घालून झालं, राख घालून झाली. एका संध्याकाळी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून झाडाची दृष्ट काढली; मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट लागलेलीच, असं म्हणाली, आणि मला तर शिंकांवर शिंका येत होत्या. झाड पिवळंच. नवी पालवी फुटायची ती जन्मतःच पिवळी.

आणि मग शेजारच्या माई म्हणाल्या. कुणीतरी म्हणणारच होतं. माई वाईट नव्हत्या. दुपारी गव्हल्या करायला आमच्याकडे यायच्या आणि बोलता बोलता बोलायच्या. त्या म्हणाल्या, विटाळाचा हात लागलाय याला, मी सांगते. आईची नजर गेली ती वहिनीकडे. माझ्याकडे गेली नाही. का नाही गेली? त्याच चटईवर मीही बसत होते. त्याच डब्याशेजारी. आईचाच हिशेब धरला तरी दोन नावं निघत होती. पण एक लेक आणि एक सून, आणि सुनेला मूल होत नव्हतं. वहिनी म्हणाली, त्या दिवसांत मी हातसुद्धा लावला नाही. तेव्हापासून पाणी घालायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

इथं मला थांबून तुम्हाला एक सांगायचंय. तोवर मी खोटी नव्हते. अज्ञानी होते, शिष्ट होते, पण खोटी नव्हते. तोवर मला खरोखरच माहीत नव्हतं. पण मला चैन पडेना — वहिनीसाठी म्हणून नव्हे हं, तसं म्हणायला मला आवडलं असतं. मला पिवळेपणाचं कोडं सुटत नव्हतं म्हणून. पानं उलटी करून पाहिली, कीड नाही. बोट मातीत खुपसलं, चिखल नाही. मग लक्षात आलं की खालची जुनी पानं हिरवीगार आहेत, पिवळी आहेत ती फक्त वरची, नवी. आणि ती तरी सगळी पिवळी कुठे होती? शिरा हिरव्या होत्या. पिवळ्या पानावर हिरव्या शिरांचं जाळं, इतकं रेखीव की कुणी बारीक ब्रशनं काढावं. सुंदर होतं. खरंच सांगते, मला ते सुंदर वाटलं. एक पान तोडलं, पुस्तकात घातलं आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंना नेऊन दाखवलं.

बाईंनी पान खिडकीपाशी धरलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, जुनं की नवं? मी म्हटलं, नवं. त्यांचा चेहरा उजळला. चांगला प्रश्न आणि चांगलं उत्तर भेटलं की मास्तरांचा उजळतो तसा. म्हणाल्या, जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर म्हटलं असतं खत कमी आहे. नवी पिवळी, शिरा हिरव्या — याला लोह मिळत नाहीये. मी म्हटलं, बाई, पण झाड पत्र्याच्या डब्यात आहे, डबा गंजतोय, मातीत गंजच गंज आहे. त्या म्हणाल्या, असेल. मातीत असणं वेगळं आणि मुळांना घेता येणं वेगळं. चुना जास्त झाला की लोह समोर असून झाडाला उचलता येत नाही. घरात कुणी डब्यात चुना टाकतं का?

मी म्हटलं, नाही. भिंतीचा पडला असेल.

पहिलं खोटं ते. लहानसंच. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी उपायही सांगितला — वरची माती काढून टाक, नवी घाल, आणि काष्ठौषधींच्या दुकानात हिराकस मिळतो, लोहाचाच क्षार तो, त्याची चिमूट पाण्यात विरघळवून देत जा. मी घरी निघाले ती हवेत तरंगत. तुम्हाला पटणार नाही, पण त्या रस्त्यानं मला वहिनी आठवलीच नाही. मला कोडं सुटलं होतं! असून घेता येत नाही — काय गोष्ट आहे! मी सगळ्या रस्त्यानं तेच घोळवत होते.

घरी आले तर आई दादाशी बोलत होती. वहिनीला माहेरी पाठवायचं ठरत होतं. महिना-दोन महिने राहू दे, तिकडच्या देवीला कौल लावू दे, काही बाधा आहे का कळेल. आई रडत होती. आईला वहिनीचा राग नव्हता, हे लक्षात घ्या. तिला भीती होती. म्हणत होती, तिच्या हाताला वाढ नाही रे. झाड काय आणि वंश काय. वहिनी आत चुलीपाशी होती आणि भिंत जाड नव्हती.

दादा गॅलरीत आला. मी चप्पल काढत होते. दादा हा फार कमी बोलणारा माणूस. तो झाडापाशी उभा राहिला, एक पान बोटांत धरलं आणि मला म्हणाला —

"तुझं सायन्स काय म्हणतं गं? असं होतं का खरंच?"

बघा, मुद्द्यावर आले. किती वळसे घेतले, पण आले.

त्यानं मला विचारलं होतं. सहज नाही, थट्टेनं नाही. त्याला पटत नव्हतं आणि आईपुढे टाकायला त्याच्याकडे शब्द नव्हता, तो माझ्याकडे मागत होता. मला शिकवायला तो आईशी भांडला होता ना — आता शिकलेलीनं एक वाक्य बोलावं, एवढंच. आणि मी तासाभरापूर्वीच ते वाक्य शिकून आले होते. पुस्तकात ते पान होतं. मी काय म्हटलं?

"सायन्सला सगळंच कळतं असं नाही, दादा."

त्यानं पान सोडलं. म्हणाला, हं. आणि आत गेला.

का? ते सांगते, पण ते सबब म्हणून घेऊ नका. खरं सांगितलं तर चुना निघणार, चुना निघाला की प्रयोग निघणार, आणि विटाळात मी स्वतः झाडाला, मातीला हात लावत होते हे निघणार. आईनं आधीच बजावलं होतं, हे शिक्षण घरात काही वाकडं आणील तर त्या दिवशी पुस्तकं बंद. गिरगावातलं एक स्थळ सांगून आलेलं होतं. परीक्षा तोंडावर होती. एका बाजूला माझं कॉलेज, एका बाजूला वहिनी. इतका सरळ सौदा होता. मला विचारही करावा लागला नाही, वाक्य आपसूक आलं — आणि वर इतकं शहाण्यासारखं आलं, की शिष्ट माणसाची नम्रता वाटावी.

वहिनी बोटीनं गेली, गावच्या एका कुटुंबाच्या सोबतीनं. निघताना सगळ्यांच्या पाया पडली. मग माझ्यापाशी आली. कॉलेजची पुस्तकं चटईवर पसरली होती, ती तिनं उगाच नीट लावली. मला म्हणाली, मी काय केलंय का वन्सं? तुम्हाला तर माहीत आहे, मी हात लावत नव्हते. मी म्हटलं, हो गं, मला माहीत आहे. एवढं म्हटलं. ती तेवढ्यानं हसली, म्हणजे माझ्याबद्दल तिच्या मनात काही आलंच नव्हतं. झाडाकडे बघा म्हणाली, आणि गेली.

आणि मी झाडाकडे बघितलं. हे ऐका आता. मला वाटतं, मुख्य गुन्हा हा आहे, आधीचा नव्हे.

मी मनाशी म्हटलं, झाड बरं केलं की झालं. झाड हिरवं झालं की आईचा संशय जाईल, वहिनी परत येईल, आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही. हुशार ना? आई माईंकडे गेली की मी वरची पांढरी माती खरवडून काढली, खालच्या खाचराच्या बांधावरची माती आणून भरली, हिराकस आणला, चिमटीचिमटीनं घातला. परीक्षेचा अभ्यास करता करता मी रोज त्या झाडाच्या शेंड्याकडे बघत होते. वहिनी आठवत होती, नाही असं नाही, पण डोळे? डोळे नव्या पालवीवर होते, आणि मी आनंदात होते. खोटं कशाला बोलू? पहिलं नवं पान हिरवं फुटलं तेव्हा मी गॅलरीत एकटीच नाचले.

प्रयोगाचा पहिला नियम कुठला? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुढे शाळेत मी हा नियम मुलींकडून घोकून घेतला. आणि मी काय केलं होतं? माती बदलली होती, आणि त्याच वेळी घरातून वहिनी गेली होती. दोन गोष्टी. त्यातली एक फक्त मला माहीत होती. दुसरी अख्ख्या आळीला दिसत होती.

आई एका सकाळी गॅलरीत गेली आणि तिनं मला हाक मारली. झाड टवटवीत झालं होतं, कळ्या धरत होतं. तिनं हात जोडले. मग माईंना बोलावून दाखवलं. माई म्हणाल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं? आई म्हणाली, ती गेली आणि झाड उजळलं, आता मी काय डोळे झाकून घेऊ? मी तिथेच उभी होते. माझी वाट लागली होती हे मला कळलं. म्हणजे माझी नव्हे — वहिनीची. आधी तिच्याविरुद्ध नुसता संशय होता. पुरावा मी तयार केला. तोही काय पक्का, कॉलेजात शिकून!

तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. निकाल लागला, मग पुढच्या वर्षाचा प्रवेश होता. काहीतरी असतंच हो.

गावच्या देवीनं उजवा कौल दिला, बाधा काही नाही असा. आई म्हणाली, त्यांची देवी त्यांच्याच बाजूनं बोलणार. महिना-दोन महिन्यांचे किती महिने झाले, मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. शेवटी गणपतीला दादा उठला, आईला न विचारता वेंगुर्ल्याला गेला आणि वहिनीला घेऊन आला. इतकं धाडस त्यानं आयुष्यात दुसऱ्यांदा केलं नाही. आईनं त्यावरून भांडण काढलं नाही. तिलाही वहिनीशिवाय करमत नव्हतं, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

वहिनी आत आली, बोचकं ठेवलं, आणि मागे वळून गॅलरीच्या उंबऱ्यापाशी थांबली. झाड लिंबांनी लगडलं होतं. माई बोलल्या तेव्हा ती रागानं लाल झाली होती, आठवतं मला — मी हात लावला नाही, मी हात लावला नाही. आता तिनं झाडाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. मी समोरच उभी होते. तिचा राग संपताना मला दिसला. त्याच्या जागी काय आलं ते सांगायला मला त्या वेळी नाव सापडलं नाही. नंतर कळलं की तिला पटलं होतं. आईला पटलं ते पटलं, माईंना पटलं ते पटलं, पण आता तिला स्वतःलाच पटलं. किती छान झालंय हो, एवढंच म्हणाली. उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं नाही.

पुढे कधीच तिनं त्या झाडाला पाणी घातलं नाही. लोणचं घालायची वेळ आली की फोडी करून द्यायची, मसाला भाजून द्यायची आणि बरणी भरताना स्वतःच लांब सरकायची. कुणी सांगावं लागत नसे. कुंडीत मिरचीचं बी टाकायचं तर ते मला टाकायला सांगायची. तिला मूल झालं नाही. त्याचा आणि चुन्याचा काही संबंध नाही, हे मला शास्त्रानं माहीत आहे. पण तिला काय माहीत होतं?

मी बी. एस्सी. झाले. बी. टी. झाले. गोरेगावला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले आणि चांगली शिकवत होते, असं मुली अजून म्हणतात. पिवळं पान फळ्यावर काढून मी पहिला प्रश्न विचारायची, जुनं की नवं? मुली ओरडायच्या, शिरा बघा बाई, शिरा. मला तो तास फार आवडायचा. त्या तासाला माझा आवाज एकदाही अडखळला नाही — मीच कधीकधी कान देऊन ऐकायची, अडखळतो का म्हणून.

आई गेली. दादा गेला. वहिनी सगळ्यात शेवटी, तीही म्हातारी होऊन, आजारपणात माझ्याकडून सेवा करून घेऊन. वाक्य एकच होतं आणि सांगायला अख्खा जन्म मिळाला होता.

एवढं सांगितलं, तर बाळंतपणाचंही सांगते. लग्न झाल्यावर पहिल्या खेपेला मी माहेरी आले होते, त्याच अंधेरीच्या दोन खोल्यांत. माझं सगळं वहिनीनं केलं. पाणी तापवलं, शेक दिला, शेगडीत ओवा-वेखंड टाकलं, पहाटे उठून खीर केली. फक्त मुलीला घेत नव्हती. आई आंघोळ घालायची, वहिनी पाणी आणून द्यायची आणि दाराशी उभी राहून बघायची. मला आधी वाटलं, कामात आहे. मग वाटलं, दुःख होत असेल. एका दुपारी आई आत झोपली होती. मुलगी नुकतीच पिऊन जागी होती, डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. वहिनी माझ्या पायांशी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मुलीला तिच्यापुढे धरलं. म्हटलं, घे ना गं वहिनी.

तिचे हात पुढे आले. खरंच आले. मग तिनं ते मागे घेतले, पदरात गुंडाळले.

"नको वन्सं. माझ्या हाताक वाढ नाय."

आम्ही दोघीच होतो. आई झोपलेली. माझं कॉलेज झालेलं, लग्न झालेलं, नोकरी लागलेली. आता माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. मुलगी आमच्या दोघींच्या मधे, माझ्या पुढे केलेल्या हातांवर. मी तोंड उघडलं.

"बरं," म्हटलं, आणि मुलीला परत मांडीवर घेतलं.